खोटा डेस्कटॉप, खरा खेळ: ऑपरेटिंग सिस्टिमच्या पडद्यावर घडणारा गेम कसा बनवायचा

१९९० साली विंडोज ३.० सोबत सॉलिटेअर आला. पत्ता धरायचा, ओढायचा, दुसऱ्या पत्त्यावर सोडायचा. माऊस कसा वापरतात हे ज्यांना कुणी शिकवलं नव्हतं, अशा कितीतरी जणांच्या हाताला ही ओढून सोडण्याची सवय त्या पत्त्यांनीच लावली. आज त्याच सवयीवर गेमचा एक वेगळा प्रकार उभा आहे. गेम सुरू केला की समोर डोंगर, रस्ते, शत्रू असलं काही नसतं. असतो एक डेस्कटॉप. चार आयकॉन, खाली टास्कबार, कोपऱ्यात घड्याळ. आणि कुणी काही न सांगता आपला हात पहिल्या फोल्डरकडे जातो.

असा गेम स्वतः बनवू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. एकट्याने पेलण्याजोगा हा प्रकार आहे. थ्रीडी मॉडेल लागत नाहीत, धावत्या पात्रांचं अ‍ॅनिमेशन लागत नाही. लागतं ते बारीक लक्ष, कारण खेळाडू वर्षानुवर्षांच्या सवयी घेऊन येतो आणि त्या सवयी हाच तुमचा कच्चा माल असतो. ज्या सवयीला तुमचा डेस्कटॉप बरोबर उत्तर देतो, तिथे खेळाडूचा विश्वास बसतो. जिथे उत्तर चुकतं, तिथे तो थांबून विचार करतो की हे मुद्दाम आहे का.

आधी वही घेऊन खेळा

बनवायला बसण्यापूर्वी चार-सहा गेम खेळा आणि प्रत्येकात एकच गोष्ट टिपा: डेस्कटॉपची कोणती सवय इथे खेळाची चाल झाली आहे?

'किंग्जवे' (२०१७) हा विंडोंमध्ये मांडलेला साहसी गेम आहे. शत्रू म्हणजे पडद्यावर सरकत राहणारी विंडो, सामानाची पिशवी म्हणजे फोल्डर. विंडो आवरून ठेवणं हेच तिथे युद्धकौशल्य ठरतं. 'हर स्टोरी'मध्ये (२०१५) पोलिसांच्या जुन्या संगणकावर एका बाईच्या जबाबांचे व्हिडिओ शोधायचे असतात. शोधचौकटीत शब्द टाकला की पहिल्या पाचच क्लिप बघायला मिळतात, त्यामुळे नेमका शब्द सुचणं हाच खेळ. 'डिजिटल: अ लव्ह स्टोरी' (२०१०) आपल्याला १९८८च्या संगणकासमोर बसवतो आणि बुलेटिन बोर्डांचे (फोनवरून जोडल्या जाणाऱ्या, निरोप ठेवायच्या संगणकांचे) नंबर हाताने टाइप करायला लावतो. 'एमिली इज अवे'मध्ये (२०१५) सगळी गोष्ट चॅटच्या एका विंडोत घडते. 'हिप्नोस्पेस आउटलॉ' (२०१९) १९९९ सालच्या काल्पनिक इंटरनेटवर नियमभंग शोधायला पाठवतो.

'वनशॉट' मात्र वेगळ्या वाटेने जातो. तो स्वतःच्या विंडोत थांबत नाही. खेळाडूच्या खऱ्या डेस्कटॉपचा वॉलपेपर बदलतो, खऱ्या डॉक्युमेंट फोल्डरमध्ये फाइल ठेवतो. या दोन वाटांपैकी कुठल्या वाटेने जायचं, ते आत्ताच ठरवा. पहिल्या गेमसाठी मी नि:शंकपणे पहिली वाट सुचवीन: डेस्कटॉप गेमच्या आतच ठेवा.

संगणक कुणाचा?

कोडची एक ओळ लिहिण्याआधी एका पानावर तीन उत्तरं लिहा. हा संगणक कुणाचा आहे, साल कोणतं, आणि त्याच्यासमोर आत्ता कोण बसलं आहे. मालक आणि समोर बसलेला माणूस एकच असेल तर गेम वेगळा होतो, दोघं वेगळे असतील तर वेगळा. दुसऱ्या प्रकारात डोकावण्याचा संकोच आपोआप येतो आणि तो फार उपयोगी पडतो.

मी केलेल्या एका छोट्या गेममध्ये संगणक एका अनुवादिकेचा होता, आणि समोर बसलेली होती तिची भाची, अपुऱ्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण शोधायला आलेली. 'अनुवाद' फोल्डर उघडला की फायली दिसत: 'प्रकरण १' ते 'प्रकरण ६', मग 'प्रकरण ७', 'प्रकरण ७ नवं', 'प्रकरण ७ नवं (पाठवलेलं)', 'प्रकरण ७ परत'. पहिल्या सहा प्रकरणांच्या बदलाच्या वेळा दुपारच्या होत्या. 'प्रकरण ७ परत'समोर पहाटेचे ३:४० वाजले होते. संवाद नाही, निवेदन नाही, पण खेळणारे त्या ओळीवर थबकायचे. फाइलचं नाव, आकार आणि तारीख यांत माणूस जितका उघडा पडतो, तितका लांबलचक डायरीत पडत नाही. म्हणून डायरीची फाइल ठेवण्याचा मोह टाळा. मसुद्यात राहिलेला, न पाठवलेला ईमेल तिच्यापेक्षा जास्त बोलतो.

साधन निवडा

इथे फार वेळ घालवू नका. ब्राउझरमध्ये चालणारा गेम हवा असेल तर एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या भाषा पुरेशा आहेत, कारण मजकूर, स्क्रोलबार, इनपुटच्या चौकटी सगळं आयतं मिळतं. डाउनलोड करून खेळायचा गेम असेल तर गोडो ४ हे गेम इंजिन चांगलं. त्यात विंडोसाठी स्वतंत्र नोड, म्हणजे तयार घटक, आहे, आणि प्रोजेक्टच्या सेटिंगमधली उपविंडो आत बसवण्याची खूण काढली की त्याच विंडो खऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या विंडो होतात. गोष्ट मुख्यतः संवादांची असेल तर रेन'पाय, हे संवादप्रधान गेमसाठीचंच इंजिन आहे. 'डिजिटल' त्यातच बनला आहे. पुढचं सगळं मी ब्राउझर गृहीत धरून सांगतो, तत्त्वं मात्र सगळीकडे तीच.

विंडो: इथे मुक्काम करा

माझ्या गेमची पहिली चाचणी झाली तेव्हा खेळणाऱ्या मैत्रिणीने ईमेलची विंडो झपकन बाजूला ओढली. माऊस पुढे गेला, विंडो मागे अडकली. मला तो बग दिसला. तिला दिसला धागा. 'या संगणकात काहीतरी बिघाड आहे आणि तो गोष्टीचा भाग आहे' असं धरून ती दहा मिनिटं ईमेलच्या मागे काय लपलंय ते शोधत राहिली. या प्रकारच्या गेममध्ये बगचा अर्थ लावला जातो. त्यामुळे गोष्टीतली एकही फाइल लिहिण्याआधी दोन रिकाम्या विंडो बनवा आणि त्या खऱ्यासारख्या वागेपर्यंत पुढे जाऊ नका.

विंडो ओढण्यापासून सुरुवात करा. टायटल बारवर, म्हणजे विंडोच्या वरच्या नावाच्या पट्टीवर, बटण दाबलं त्या क्षणी माऊसची जागा आणि विंडोचा वरचा डावा कोपरा यांतलं अंतर साठवा. पुढे माऊस हलेल तसं तेच अंतर राखत विंडो सरकवा. हे अंतर साठवलं नाही तर दाबताक्षणी विंडोचा कोपरा उडी मारून माऊसखाली येतो. माझा बग वेगळा होता: माऊस हलल्याची सूचना मी फक्त टायटल बारवर ऐकत होतो, त्यामुळे माऊस टायटल बारच्या बाहेर गेला की ऐकणं बंद. उपाय म्हणजे पॉइंटर कॅप्चर. दाबल्यावर सेट पॉइंटर कॅप्चर वापरून त्या टायटल बारला सांगायचं की बटण सोडेपर्यंत माऊसच्या सगळ्या सूचना तुझ्याच. याने माऊस ब्राउझरच्या विंडोबाहेर गेला तरी पकड सुटत नाही. टचस्क्रीनवरही हेच चालावं म्हणून टायटल बारला सीएसएसमध्ये टच-अ‍ॅक्शन 'नन' करा, नाहीतर बोटाने ओढताना पानच सरकेल.

नंतर कोण वर, कोण खाली. अनेक जण प्रत्येक क्लिकला झेड-इंडेक्स (कोण कुणाच्या वर दिसेल ते ठरवणारा सीएसएसमधला आकडा) एकाने वाढवत राहतात. चालतं, पण टास्कबार, मेनू आणि सूचनापट्ट्या कायम वर ठेवायच्या असतात, तिथे हा वाढता आकडा कधीतरी त्यांना ओलांडतो. त्यापेक्षा उघड्या विंडोंची एक यादी ठेवा. जिला स्पर्श झाला ती यादीच्या शेवटी न्या आणि यादीतल्या क्रमाने सगळ्यांचे झेड-इंडेक्स नव्याने द्या. टास्कबारवर कोणतं बटण दाबलेलं दिसावं, एक विंडो बंद केल्यावर कोणती पुढे यावी, या प्रश्नांची उत्तरंही याच यादीतून मिळतात.

विंडो वर यायला हवी ती बटण दाबल्यावर, सोडल्यावर नाही. हा फरक सेकंदाच्या अंशाचा आहे, पण हाताला कळतो. आणि मागच्या विंडोतल्या बटणावर क्लिक केलं तर विंडो वर यावी आणि बटणही त्याच क्लिकला दाबलं जावं.

विंडो पडद्याबाहेर ओढू द्या, अडवू नका. अर्धी विंडो बाहेर ढकलून ठेवणं ही खरी सवय आहे. पण टायटल बारचा थोडा तुकडा कायम आत राहील अशी मर्यादा घाला, नाहीतर ती विंडो परत कधीच धरता येणार नाही. नवी विंडो आधीच्या विंडोवर तंतोतंत बसू देऊ नका. थोडी उजवीकडे, थोडी खाली उघडा.

डबल-क्लिकसाठी विंडोजमध्ये मुळात ५०० मिलिसेकंदांची मुदत असते, तीच घ्या. पहिल्या क्लिकला आयकॉन निवडलेला दिसला पाहिजे. तो निळसर झाला नाही तर खेळाडूला वाटतं क्लिक लागलाच नाही. मिनिमाइझ केलेली विंडो परत उघडली की स्क्रोल जिथे होता तिथेच हवा आणि अर्धवट टाइप केलेलं जसंच्या तसं.

आणि उजवं क्लिक. लोक ते करतातच. ब्राउझरचा स्वतःचा मेनू वर आला की भ्रम एका क्षणात मोडतो. तो अडवा आणि 'उघडा', 'नाव बदला', 'माहिती' एवढ्या तीन ओळींचा का होईना, आपला मेनू द्या. 'माहिती'मध्ये फाइलचा आकार, तयार झाल्याची तारीख, बदलाची तारीख. धागे लपवायला याहून चांगली जागा मला सापडलेली नाही.

रूप

नव्वदच्या दशकातला डेस्कटॉप हवा असेल तर तीन रंगांनी निम्मं काम होतं. विंडोज ९५ ची पार्श्वभूमी म्हणजे लाल ०, हिरवा १२८, निळा १२८. विंडोचा करडा रंग तिन्ही १९२. चालू विंडोचा टायटल बार गडद निळा, ०, ०, १२८. बटणाला वर आणि डावीकडे पांढरी रेघ, खाली आणि उजवीकडे गडद रेघ दिली की ते उठून दिसतं. दाबल्यावर रेघांची अदलाबदल करा आणि आतला मजकूर एक पिक्सेल खाली-उजवीकडे सरकवा. त्या एका पिक्सेलनेच बटण दाबल्याचा भास होतो.

पडदा ६४० बाय ४८० चा ठरवा आणि तो पूर्ण पटीतच मोठा करा. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर दुप्पट बरोबर बसतो. दीडपट केलात तर काही रेघा जाड, काही बारीक दिसतील. मोठी करताना चित्रं धूसर होऊ नयेत म्हणून सीएसएसमध्ये इमेज-रेंडरिंग 'पिक्सेलेटेड' ठेवा.

मराठी मजकूर असेल तर इथे एक अडचण येते. रोमन अक्षरांसाठी बेतलेल्या ओळीच्या उंचीत देवनागरीचा जीव गुदमरतो, कारण वर वेलांटी-रफार आणि खाली उकार. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट तरी ठेवा आणि मेनूची उंची त्यावरून ठरवा. 'र्की' आणि 'ट्टू' हे दोन तुकडे प्रत्येक चौकटीत टाकून बघा. ते कापले गेले नाहीत तर बाकी सगळं बसेल.

फायलींचं जग

गेममधल्या सगळ्या फायलींची माहिती एकाच जेसन फाइलमध्ये, म्हणजे नोंदींच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये, ठेवा. प्रत्येक नोंदीत आयडी, नाव, कोणत्या फोल्डरमध्ये आहे, प्रकार, मजकूर, दोन्ही तारखा, आणि 'कधी दिसावी' याची अट. कोडमध्ये फाइलला कायम आयडीनेच हाक मारा. नावं तुम्ही शेवटच्या दिवसापर्यंत बदलत राहणार आहात.

गोष्टीची प्रगती साध्या खुणांनी सांभाळा: अमुक ईमेल वाचला, तमुक पासवर्ड सापडला. 'कधी दिसावी' ही अट याच खुणांकडे बघते. पण एक पथ्य पाळा. खेळाडू ज्या फोल्डरमधून नुकताच फिरून आला, तिथे मागाहून गुपचूप नवी फाइल ठेवू नका. तो प्रामाणिकपणे शोधून गेला आहे, आणि त्याला तिथे परत पाठवणं म्हणजे त्याचा वेळ खाणं. नवीन काही यायचं असेल तर ते दिसेल असं येऊ द्या: ईमेल येतो, सूचना वाजते, डाउनलोड पूर्ण होतो.

तारखांसाठी स्प्रेडशीटमध्ये एक कालरेषा करा. ईमेलची वेळ, चॅटची वेळ, फाइल बदलल्याची वेळ एकमेकींशी जुळली पाहिजे. हे कंटाळवाणं काम आहे, पण करा. या प्रकारचे गेम आवडणारे खेळाडू तारखा ताडून बघतातच.

अडसर

पासवर्ड हा सगळ्यांना सुचणारा अडसर आहे, म्हणून जपून वापरा. पूर्ण गेममध्ये दोन, फार तर तीन. उत्तर तपासताना मात्र उदार व्हा. मागेपुढे राहिलेली रिकामी जागा काढून टाका. आकडे देवनागरीत (१९८८) असोत की इंग्रजीत (1988), दोन्ही स्वीकारा. मराठी शब्द असेल तर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीवर खेळाडूला अडवू नका, त्याला उत्तर सापडलेलं आहे. तपासण्याआधी दोन्ही मजकुरांवर युनिकोड नॉर्मलायझेशन करून घ्या, कारण दिसायला सारखंच अक्षर आतून दोन प्रकारे लिहिलेलं असू शकतं.

मला पासवर्डपेक्षा शोधचौकट जास्त आवडते. 'हर स्टोरी'ने दाखवून दिलं की कुलूप न लावताही वाट अडवता येते: सगळं उघडं ठेवायचं, फक्त एका वेळी थोडंच दाखवायचं. मग पुढचा शब्द खेळाडूच्या डोक्यातून यावा लागतो, आणि तो सुचला की शोध त्याचा स्वतःचा होतो.

वेळ आणि टायपिंग

संगणकावर भावना येतात त्या उशिरातून. 'लिहीत आहे…' दिसतं, थांबतं, पुन्हा दिसतं, आणि शेवटी 'बरं' एवढंच येतं. 'एमिली इज अवे' याच जागी बळकट आहे. खेळाडू कोणत्याही कळा बडवतो आणि ठरलेलं वाक्य उमटत जातं, त्यामुळे ते आपणच लिहितोय असं वाटतं. मग लिहिलेलं खोडलं जातं तेव्हा ते लागतं.

हेच मराठीत करायला गेलात की एक खड्डा येतो. 'स्त्री' हा शब्द संगणकाला सहा तुकड्यांचा दिसतो: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. एकेक तुकडा उमटवलात तर पडद्यावर आधी स, मग स्, मग स्त अशी मोडतोड दिसते. जावास्क्रिप्टमध्ये मजकुराचे तुकडे करणारा इंटल सेगमेंटर आहे, त्याला भाषा मराठी आणि एकक ग्रॅफीम, म्हणजे डोळ्याला एक दिसणारं अक्षर, सांगा. काही जुन्या ब्राउझरांमध्ये तो जोडाक्षर हलन्तापाशी तोडतो, म्हणून हलन्ताने संपणारा तुकडा आला आणि शब्द तिथेच संपत नसेल, तर तो पुढच्याला जोडून घ्या. खोडतानाही हेच तुकडे वापरा.

प्रोग्रेस बारला सरळ एकसारखं पळू देऊ नका. थोडा पळतो, अडतो, मग उडी मारतो. पण तेच थांबणं दुसऱ्यांदा बघायला लावू नका.

खेळाडूच्या खऱ्या संगणकाला हात लावायचा असेल तर

लावायचाच असेल तर आधी विचारा, सुरुवातीच्याच पडद्यावर, स्पष्ट शब्दांत. फाइल ठेवणार असाल तर कुठे ते सांगा. वॉलपेपर बदलणार असाल तर आधीचा जपून ठेवा आणि गेम मध्येच बंद पडला तरी तो परत लागेल असं बघा. त्याची कोणतीही फाइल पुसू नका, हलवू नका. खोटा व्हायरस, खोटी निळी स्क्रीन यांनी पूर्ण पडदा झाकत असाल तर एस्केप दाबल्यावर बाहेर पडता आलं पाहिजे. चमकणारे दिवे आणि लुकलुकणारा पडदा यांची सूचना द्या आणि ते बंद करायची सोयही ठेवा.

नावं आणि चिन्हं

अ‍ॅपलने १९८८ साली मायक्रोसॉफ्टवर डेस्कटॉपच्या एकूण रूपावरून दावा लावला होता. १९९४ साली अमेरिकेच्या अपील न्यायालयातही अ‍ॅपल हरलं. विंडो, आयकॉन, मेनू ही कल्पना सगळ्यांची आहे. लोगो, नाव, आयकॉनची चित्रं, आवाज मात्र ज्याचे त्याचे. विंडोज ९५ सुरू होतानाचा सूर ब्रायन ईनोने रचलेला आहे, आणि विंडोज एक्सपीच्या वॉलपेपरवरची हिरवी टेकडी हा चार्ल्स ओ'रिअर यांनी १९९६ साली काढलेला फोटो आहे. ते उचलू नका. स्वतःच्या ऑपरेटिंग सिस्टिमला नाव द्या, सुरू होण्याचा सूर स्वतः करा. जुन्या रूपासाठी '९८.सीएसएस' ही मुक्त परवान्याची स्टाइलशीट आयती मिळते. परवाना वाचून वापरा.

चाचणी आणि प्रकाशन

पाच जणांना खेळायला बसवा, शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. त्यांनी केलेली आणि डेस्कटॉपने उत्तर न दिलेली प्रत्येक कृती लिहा: आयकॉनवर नाव बदलायची एफ२ कळ दाबली, फाइल कचरापेटीत ओढली, घड्याळावर क्लिक केलं. प्रत्येकाला पूर्ण सोय द्यायला हवी असं नाही, पण काहीतरी उत्तर द्या. कचरापेटीत ओढलेली महत्त्वाची फाइल नुसती 'ही फाइल वापरात आहे' म्हणाली तरी पुरतं.

कंट्रोल आणि डब्ल्यू एकत्र दाबणारे निघतातच. त्यांना गेममधली विंडो बंद करायची असते, पण बंद होतो ब्राउझरचा टॅब, आणि वेबपानाला ते अडवता येत नाही. म्हणून प्रत्येक खूण बदलताच गेम आपोआप सेव्ह करा. इच.आयओ या छोट्या गेमच्या साइटवर टाकताना इंडेक्स.एचटीएमएल असलेली झिप चढवा आणि ब्राउझरमध्ये खेळता येण्याची खूण करा. तिथे गेम दुसऱ्या पानाच्या चौकटीत चालतो, आणि काही खेळाडूंच्या ब्राउझरमध्ये लोकल स्टोरेज (सेव्ह साठवायची ब्राउझरमधली जागा) बंद असतं. ते वापरायचा प्रयत्न फसला तर गेम कोसळू नये. सेव्ह होणार नाही एवढं सांगून चालू राहावा.

शेवटी स्टार्ट मेनूतलं 'शट डाऊन'. हे बटण बहुतेक जण सर्वांत शेवटी बनवतात, पण खेळाडूचं कुतूहल तिथे लवकर पोहोचतं. त्याला तिन्ही वेळांचं वेगळं उत्तर द्या: गोष्ट सुरू होण्याआधी दाबलं तर साधी पुष्टी आणि मुख्य पडदा, मध्ये दाबलं तर न पाठवलेला ईमेल, उघडी फाइल यांची आठवण करून देणारी चौकट, आणि गोष्ट पुरी झाल्यावर दाबलं तर एकेक विंडो उघडली होती त्याच्या उलट क्रमाने मिटत जावी, मग टास्कबार, मग काळा पडदा. माझ्या गेममध्ये सर्वांत शेवटी मिटते ती 'प्रकरण ७ परत'.